पानिपतची बातमी

पानिपतचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १४ जानेवारी १७६१ चा तो बुधवार उभा राहतो. सरकारी नोकरीनिमित्त मी दिल्लीत असतो, आणि काळा आंब येथील स्मारकापाशी दोनतीनदा जाऊन आलो आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते रणाविषयी नव्हे, रणाच्या बातमीविषयी. तिच्याकडे माझे लक्ष वेधले ते पानिपत शहरात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्याच्या बिनतारी यंत्रामुळे.

हे गृहस्थ रीतसर परवाना घेतलेले हौशी बिनतारीवाले, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांपैकी, आहेत. हातमागांच्या त्या गावात गच्चीवर ताणलेल्या एका तारेच्या बळावर ते समुद्रापलीकडे अक्षरे धाडतात. त्यांची आवडती पद्धत ‘पीएसके ३१’. पीटर मार्टिनेझ नावाच्या इंग्रज हौशी गृहस्थाने ती १९९८ च्या सुमारास प्रचारात आणली. तीत लहरीची कला सेकंदाला सव्वाएकतीस वेळा बदलू शकते, आणि त्या बदलण्या-न बदलण्यातून अक्षर उमटते. कला उलटताना लहर क्षणभर शून्यावर येते व पुन्हा चढते. हा चढउतार वर्धकाने जसाच्या तसा बाहेर टाकला पाहिजे. त्याला झेपेल त्याहून मोठा आवाज आत सोडला, तर मूळ रेषेच्या दोन्ही अंगांना खोट्या रेषांच्या जोड्या उठतात, आणि शेजारच्या बारीक आवाजाच्या माणसाचे बोलणे त्यांखाली बुडते.

गंमत अशी की हा दोष पाठविणाऱ्यास दिसत नाही. आपले घोरणे आपल्याला कोठे ऐकू येते? म्हणून दुसऱ्यास विचारावे लागते. यासाठी १९३४ पासून हौशी मंडळींत एक त्रिअंकी शेरा रूढ आहे: पहिला अंक सुबोधतेचा, दुसरा जोराचा, तिसरा स्वराच्या शुद्धतेचा. परंतु सौजन्य असे की बहुतेक जण सर्वांनाच सरसकट ५९९ देतात. आमच्या कचेऱ्यांतील गोपनीय अहवालांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

माझ्या स्नेह्यासही आठवडाभर ५९९ मिळत होते. मग एका दूरच्या श्रोत्याने त्यांच्या संदेशाचे चित्रच पाठविले. त्यात एका रेषेऐवजी पाच रेषा होत्या. बिचारे ओशाळले. उत्तरे कमी येतात म्हणून त्यांनी आवाज वाढविला होता. तो निम्म्याहून खाली आणला, नुसत्या रिकाम्या कलापालटाचा स्वर सोडला आणि महाजालावरील एका दूरच्या ग्राहकयंत्रातून तो स्वतःच पाहिला. खोट्या रेषा मूळ रेषेहून पंचवीस-तीस डेसिबेल खाली गेल्या की संदेश शुद्ध समजावा, असा त्यांचा दंडक आहे. तेथवर पोहोचेतो रात्रीचे दोन वाजले होते.

त्या रात्री मला आठवले ते सावकाराचे पत्र. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. पानिपतच्या रणानंतर सावकारांचा एक कासीद, नऊ दिवसांत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पोहोचण्याच्या बोलीने निघाला होता. नानासाहेब पेशवे फौजेनिशी उत्तरेकडे येत होते. २४ जानेवारीच्या सुमारास, भेलशाच्या मुक्कामी, ते पत्र त्यांच्या हाती लागले. दोन मोत्ये विरघळल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे आणि रुप्यातांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच नसल्याचे त्यात होते. पेशव्यांना अर्थ कळावयास वेळ लागला नाही. एक मोती विश्वासराव, पोटचा पुत्र, दुसरे सदाशिवरावभाऊ. २३ जून १७६१ रोजी पुण्यास पर्वतीवर नानासाहेबांचा अंत झाला.

संदेश म्हणून या पत्राची परीक्षा केली, तर जोर पुरेपूर आहे. परंतु पडताळा कोठे आहे? वस्तुतः हेच सावकार हुंडी लिहीत तेव्हा केवढी काळजी घेत! रक्कम आकड्यात, मग अक्षरात, मग ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार’ अशी. एक अंक फिरविला तर दुसरा ओरडून सांगे. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ. आजच्या ‘एफटी ८’ या २०१७ च्या हौशी पद्धतीत संदेशाच्या ७७ द्विमान अंकांमागे पडताळ्याचे व दुरुस्तीचे ९७ अंक जातात. मेळ बसला नाही तर यंत्र संदेश दाखवीतच नाही. ओझ्याहून वेष्टन जड, असे कोणी हसून म्हणेल. हुंडीवाल्यांनी ते हसण्यावारी नेले नसते.

त्या पत्रात मात्र नावे नव्हती, आणि असणेही शक्य नव्हते. वाट शत्रूच्या मुलखातून होती. सत्तावीस मोहरा कोणत्या, हे पत्र सांगत नाही. दुसरे मोती खरोखरच विरघळले का, याविषयी तर पुण्यात कित्येक वर्षे कुजबुज चालू राहिली. विश्वासरावांचे शव ओळखले गेले होते. भाऊसाहेबांविषयी मात्र एकेक जण एकेक सांगे. या संशयाच्या फटीतूनच सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत पुढे आला, आणि त्याच्यामागे माणसे व किल्लेही गेले. १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. तोवर रणाला पंधरा वर्षे लोटली होती, आणि भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई, असे सांगतात की, कपाळी कुंकू लावूनच वावरत होत्या.