बार्बियाना शाळेचे सामूहिक लेखन

बार्बियाना ही इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात विखुरलेली लहानशी वाडी. लोरेन्झो मिलानी हे कॅथलिक धर्मगुरू १९५४ च्या डिसेंबरमध्ये तेथे आले आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. सरकारी शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेली मुलेही तेथे येत. वर्गात वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि अडलेल्या शब्दापाशी थांबून त्यावर चर्चा होई.

१९६३ मध्ये मारिओ लोदी हे शिक्षक ही शाळा पाहून गेले. त्यानंतर दोन्ही वर्गांतल्या मुलांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पत्र सगळ्यांनी मिळून लिहायचे असल्याने बार्बियानात लेखनाची एक पद्धत तयार झाली.

प्रत्येकाच्या खिशात एक वही असे. काही सुचले की लगेच टिपायचे, आणि एका कागदावर एकच मुद्दा, तोही एकाच बाजूने. मग एके दिवशी सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक कागद बाद. जवळच्या विषयांचे ढीग लावले की प्रकरणे होतात, ढिगांचे लहान ढीग केले की परिच्छेद. त्यानंतर काटछाट: जादा शब्द, विशेषणे, लांबलेली वाक्ये कोण अधिक काढतो याची चढाओढ लागे. शेवटी मजकूर बाहेरच्या माणसांना वाचायला देत. फार शिकलेली माणसे नसली तरी चालत, किंबहुना नसलेली बरी. त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे.

मराठी शाळांतही हस्तलिखित निघते, पण तेथे बहुधा सुवाच्य अक्षराला मान असतो आणि खाडाखोड दिसता कामा नये. बार्बियानात खाडाखोड हाच अभ्यास होता. शिवाय पत्र खरोखर कुणाला तरी जाणार होते. पाचवी ते आठवीच्या वर्गाला पाण्याच्या टाकीबद्दल ग्रामपंचायतीला पत्र लिहायचे असेल, तर हीच पद्धत जशीच्या तशी चालते. लागतात ते कागदाचे तुकडे, जमिनीवर मोकळी जागा आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. धीरच अवघड, कारण वेळापत्रकात निबंधाला एक तास असतो.

पुढे आठ मुलांनी याच रीतीने नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिले. गरिबांची मुले शाळेतून कशी गळतात हे त्यांनी आकडेवारी गोळा करून मांडले. ते १९६७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात मिलानी वारले.