नाताळातली मंडळी

‘नाताळच्या सुट्टीत अक्कलकोटला जाऊन येऊ’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. शाळा बंद, थंडी बेताची, मग गाडी काढायची आणि स्वामी समर्थांचं दर्शन घ्यायचं. डिसेंबरच्या अखेरीस वटवृक्षाच्या देवळापाशी रांग लागते ती याच बेतामुळे. स्वामीभक्ताच्या तोंडी येशूच्या जन्माचा पोर्तुगीज शब्द येतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

‘नाताळ’ म्हणजे पोर्तुगीज ‘नाताल’. त्याचं मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यापाशी होता, त्याला त्यानं सणाचंच नाव दिलं. गांधीजींच्या चरित्रातलं नाताळ ते हेच. लॅटिनमधल्या या जन्मवाचक धातूचं आणि आपल्या ‘जन्’चं मूळ एकच. ‘ज्ञाति’ म्हणजे भाऊबंद, हा शब्दही त्याच घरातला, आणि आपलं ‘नातं’ या ज्ञातीच्या कुळातलं. तेव्हा नाताळ आणि नातं यांचं ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचं नाही. दोघे फार दूरचे चुलतभाऊ आहेत, मधल्या हजारो वर्षांत भेट नाही इतकंच.

अक्कलकोटहून चाळीसेक किलोमीटरवर सोलापूर. तिथं १८६० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशननं ठाणं मांडलं. मिशनची सुरुवात १८१३ मध्ये मुंबईत झाली होती आणि माणसं पाठवणारी संस्था मॅसॅच्युसेट्समधली. गंमत अशी, की त्याच मुलखात १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. प्युरिटनांच्या मते बायबलात या सणाला आधार नव्हता. कायदा १६८१ मध्ये उठला, पण नाताळची सरकारी सुट्टी तिथं मिळाली ती थेट १८५६ मध्ये. म्हणजे ज्या आजोबा-पणजोबांनी नाताळकडे पाठ फिरवली, त्यांची नातवंडं इथं आली, तेव्हा सणाचं नाव त्यांच्या आधीच येऊन बसलेलं होतं, तेही कॅथलिक पोर्तुगिजांनी आणलेलं.

शब्दांची अशी सरमिसळ सोलापुरात जागोजाग होती. मिशनच्या मुलींच्या शाळेचं नाव ‘वोरोनोको’. हे मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड गावाचं जुनं नाव, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. सोलापूरच्या पोरी ते नाव कसं उच्चारत असतील? शाळा चालवणारी ‘मडम’, म्हणजे फ्रेंचमधली ‘माझी बाई’. ‘साहेब’ हा मुळात अरबी, अर्थ सोबती. आपल्याकडे येईपर्यंत सोबती मालक झाला. ‘मिशन’ लॅटिनमधल्या ‘पाठवणे’वरून आलं. मराठी बायबलातला ‘प्रेषित’ही पाठवलेलाच, फक्त संस्कृत अंगरख्यातला. परदेशात सेवेला आलेल्या माणसासाठी यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

आता ‘चर्च’. हा शब्द फिरतफिरत ग्रीक ‘क्युरिआकोन’पर्यंत जातो, म्हणजे प्रभूचं. गोव्याकडची ‘इगर्जी’ मात्र वेगळ्या वाटेनं आली. पोर्तुगीज ‘इग्रेजा’, त्यामागे ग्रीक ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली माणसं. पुढे तोही इमारतीचा शब्द झाला. मराठी ख्रिस्ती माणसांनी या गोंधळातून साधी वाट काढली. भिंतींना चर्च म्हटलं, की माणसांना म्हणायचं ‘मंडळी’. अमुक गावची मंडळी, मंडळीचे पाळक, मंडळीची वर्गणी. एक्लेसियाचा मूळ अर्थ ग्रीकबाहेर इतका नीट क्वचितच कुठे राहिला असेल. आणि शब्द तरी किती घरचा! मंडळ म्हणजे वर्तुळ, त्यात बसलेली ती मंडळी. जुन्या पिढीतले गृहस्थ बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणत, कारण नाव घ्यायचं नसे. कीर्तनकाराची मंडळी, नाटकमंडळी, वऱ्हाडातली मंडळी. अक्कलकोटात रोज हजारोंना जेवू घालणाऱ्या संस्थेच्या नावातही ‘अन्नछत्र मंडळ’ आहेच. तिथलं ‘छत्र’ मात्र मला नेहमी खुणावतं. ते डोक्यावरचं छत्र नव्हे, मूळ ‘सत्र’, दीर्घकाळ चालणारा यज्ञ. अन्नदानाचं ते सत्र. जिभेनं त्यावर छत्र धरलं आणि अर्थही शोभला.

नाताळचा दिवस मंडळीला दमवणारा असतो. पहाटेपर्यंत घरोघरी गाणी म्हणून पोरांचा घसा बसलेला, सकाळी उपासना, मग मुलांचं नाटक. त्यात मेंढपाळाची दाढी ऐनवेळी निसटतेच. दुपारी प्रीतिभोजन. पाळकबाईंना बसायला मिळेल तर शपथ. अशा दिवसाला ‘सण’ म्हणताना मला त्या शब्दाचं मूळ आठवून हसू येतं. सण आला ‘क्षण’वरून. संस्कृतात क्षणाचा एक अर्थ उत्सवही आहे, अमरकोशात तो उत्सवाच्या पर्यायांत बसलेला सापडेल. प्राकृतात त्याचा ‘छण’ झाला आणि मराठीत सण, जसं क्षेत्राचं शेत आणि कुक्षीची कूस. अक्कलकोटच्या बाजारात कानडी कानावर पडते. त्या भाषेत सणाला ‘हब्ब’ म्हणतात. तो ‘पर्व’चा अवतार, आणि पर्व म्हणजे सांधा, उसाच्या दोन कांड्यांमधल्यासारखा. मराठीला सणात निमिष दिसलं, कानडीला जोड दिसला. चुलीशी उभ्या असलेल्या बायकांना विचाराल तर त्यांचं मत कानडीकडे झुकेल. निमिषभराचा सण त्यांनी पाहिलेलाच नाही.

प्रीतिभोजनाला बसायचं ते पंगतीनं. पंगत ‘पंक्ती’ची, आणि पंक्तीच्या पोटात ‘पंच’, म्हणजे आधी पाचांचा गट, नंतर कितीही लांब ओळ. मार्काच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आहेत, पाच हजार पुरुष आहेत, आणि वाढण्याआधी लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नास असं बसवलेलंही आहे. अन्नछत्रातही जेवणाऱ्यांना आधी ओळीत बसवतात, मगच वाढप सुरू होतं. वाढप्याची हाकही दोन्हीकडे सारखीच असते, ‘चला मंडळी, बसून घ्या.’