यमाईच्या निम्म्या चढावर

साल १९३८. तुम्ही खटाव तालुक्यातल्या औंधला यमाईदेवीचा डोंगर चढताय. ऊन तापलंय, पाठीला घाम, हातात नारळ आणि ओटीचं सामान. निम्म्या चढावर एक नवीकोरी इमारत लागते. राजेसाहेबांनी जमवलेली चित्रं तिथे मांडलीत म्हणे. राजेसाहेब म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. संस्थान एवढंसं, बहात्तर गावांचं. पण धनी सत्तरीतही उद्योगी. स्वतः चित्रं काढतो, कीर्तनाला उभा राहतो, शाळेतल्या पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतो.

चपला काढून आत या. उजेड वरून उतरतो, चित्रावर थेट ऊन पडत नाही. समोर रविवर्म्याची सैरंध्री. ही कोण, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. विराटाघरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी तुम्ही कीर्तनात कितीदा ऐकलीय. आणखी पुढे सरका, अगदी नाकाजवळ. मघाशी जी कापडाची चुणी वाटत होती, तो नुसता रंगाचा फटकारा निघतो. दोन पावलं मागे या, की पुन्हा चुणी. हा खेळ चारदा करा. मागच्यांना खोळंबू द्या.

पुढे धुरंधरांची चित्रं आहेत, जुनी लघुचित्रं आहेत. पण आता काळातही पुढे सरकू. १९३९ च्या जानेवारीत राजेसाहेब कारभार प्रजेच्या हाती देतात. त्यासाठीच्या राज्यघटनेमागे गांधीजींचा सल्ला असतो. १९४८ मध्ये संस्थान विलीन होतं. राज्य जातं, संग्रह डोंगरावरच राहतो.

आणि आज त्याच दालनांत तुम्ही हेन्री मूरच्या दगडी मायलेकरापाशी उभे आहात. इथे कीर्तन मदतीला येत नाही. पुराण नाही, नाव नाही. आई आणि मूल, बस्स. इंग्लंडच्या मूरचं शिल्प खटाव तालुक्यात बघायला मिळावं, याचं मला रविवर्म्यापेक्षा जास्त अप्रूप वाटतं. चित्रं बडोद्याच्या गायकवाडांनीही जमवली, पण त्यांच्याकडे पैसा होता, राजवाडा होता. औंधकराने देवीची वाट निवडली, आणि माझ्या मते तीच त्याची खरी हुशारी.

संग्रहालय आता राज्य सरकारच्या ताब्यात आहे. यमाईला जाल तेव्हा थेट देवळाकडे धावू नका. सैरंध्रीला दहा मिनिटं द्या, मूरला वीस.