अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि विद्युत परिपथाचा प्रारंभिक अभ्यासक्रम : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
ओहमचा नियम, किरचॉफचे नियम, दिष्ट व प्रत्यावर्ती धारा, धारित्र व वेटोळे यांचे वर्तन हा विद्युत अभियांत्रिकीच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाचा गाभा होय. तो जवळजवळ सर्वत्र सारखाच आढळतो. असे असूनही हा विषय कोणत्या संस्थेत आणि कोणासाठी शिकविला जातो, यावरून त्याची प्रतिष्ठा ठरत आली आहे. अमेरिकेतील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत, म्हणजेच कम्युनिटी कॉलेजांत, हा विषय दोन स्वतंत्र वाटांनी शिकविला गेला. प्रस्तुत लेखात या दोन वाटांचा उगम व त्यांतील अंतराचे स्वरूप यांचा मागोवा घेतला आहे.

दुहेरी उद्दिष्टाचा उगम :
इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले ज्युनिअर कॉलेज हे या परंपरेतील आद्य सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि स्थानिक शाळाप्रमुख जे. स्टॅन्ले ब्राऊन यांच्या विचारातून ते उभे राहिले. आरंभी तेथे अवघे ६ विद्यार्थी होते. पदवीची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याच्या गावातच पूर्ण व्हावीत, हा त्यामागील हेतू होता. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणास संघराज्याचा निधी मिळू लागला. परंतु हे शिक्षण महाविद्यालयीन दर्जाच्या खालील असावे, असे त्या कायद्यातच नमूद होते. त्यामुळे विद्यापीठाकडे नेणारे शिक्षण आणि रोजगाराकडे नेणारे शिक्षण यांतील श्रेणीभेदाला कायद्याचेच अधिष्ठान लाभले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन्ही हेतू एकाच छताखाली आले. १९४४ च्या जी. आय. बिलाचा लाभ १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण व प्रशिक्षणासाठी घेतला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ केली आणि या संस्थांकडून पदवीची पूर्वतयारी व व्यावसायिक शिक्षण अशी दोन्ही कार्ये अपेक्षिली.

ग्रिंटर अहवाल आणि गणिताची सीमारेषा :
अभियांत्रिकी शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी नेमलेल्या समितीने एल. ई. ग्रिंटर यांच्या अध्यक्षतेखाली १९५५ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. पदवी अभ्यासक्रमात गणित, मूलभूत विज्ञान व अभियांत्रिकी विज्ञाने यांवर भर द्यावा, अशी त्याची दिशा होती. परिणामी पदवी महाविद्यालयांत कार्यशाळा व प्रत्यक्ष यंत्रकामाचे स्थान आक्रसत गेले. स्पुटनिकनंतर आलेल्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणास स्वतंत्र निधी दिला. ते कार्य मोठ्या प्रमाणात दोन वर्षांच्या संस्थांनी स्वीकारले.

या विभागणीचे प्रत्यक्ष स्वरूप एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १० किलोओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचे धारित्र एकसर जोडल्यास परिपथाचा कालांक १ सेकंद येतो. १ सेकंदात धारित्र सुमारे ६३ टक्के आणि ५ सेकंदांत ९९ टक्क्यांहून अधिक भारित होते. अभियांत्रिकीच्या वाटेवरील विद्यार्थी हे उत्तर अवकल समीकरण सोडवून मिळवितो. तंत्रज्ञाच्या वाटेवरील विद्यार्थी तयार सूत्र व आलेख यांच्या आधारे त्याच उत्तराशी पोहोचतो आणि मापनयंत्रावर ते पडताळून पाहतो. परिपथ एकच, उत्तरही एकच. फरक आहे तो कलनशास्त्राचा.

हा फरक वास्तव आहे आणि तो नाकारता येत नाही. पुढील विश्लेषणासाठी कलनशास्त्र अपरिहार्यच असते. तथापि त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागली. बीजगणिताधारित परिपथ अभ्यासक्रमाचे श्रेयांक अभियांत्रिकी पदवीसाठी सामान्यतः ग्राह्य धरले जात नाहीत. म्हणून उशिरा पदवीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला, बहुधा नोकरी सांभाळून, तोच विषय नव्याने शिकावा लागतो. गणितातील उणीव भरून काढणे ही एक गोष्ट आणि आधी मिळविलेले ज्ञान शून्यवत मानणे ही दुसरी गोष्ट होय. हा दुसरा निर्णय विषयाच्या स्वरूपातून आलेला नाही; तो संस्थांनी घेतलेला आहे.

एका पाठ्यपुस्तकाची साक्ष :
या श्रेणीभेदाची मर्यादा एका पाठ्यपुस्तकाच्या प्रवासातून दिसते. न्यूयॉर्कमधील क्वीन्सबरो कम्युनिटी कॉलेज १९५९ मध्ये स्थापन झाले. तेथील प्राध्यापक रॉबर्ट बॉइलस्टॅड यांचे परिपथ विश्लेषणाचे प्रारंभिक पाठ्यपुस्तक १९६८ मध्ये, तर लुई नॅशेल्स्की यांच्यासह लिहिलेले इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरील पाठ्यपुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या महाविद्यालयातील अध्यापनातून घडलेले हे दुसरे पुस्तक पुढे भारतातील अनेक विद्यापीठांच्या, त्यांत महाराष्ट्रातीलही, अभियांत्रिकी पदवीच्या संदर्भसूचीत समाविष्ट झाले. ज्या वर्गातील श्रेयांक पदवीसाठी अपुरे ठरतात, त्याच वर्गातून आलेला ग्रंथ पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र उपयुक्त ठरतो, ही विसंगती लक्षणीय आहे.

समारोप :
१९९२ च्या अमेरिकी कायद्यातून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा प्रगत तांत्रिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. दोन वर्षांच्या संस्थांना केंद्रस्थानी ठेवून उद्योग व विद्यापीठे यांच्याशी त्यांचे सहकार्य वाढविणे, हा त्याचा एक हेतू आहे. भारतात तंत्रनिकेतनातील पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) विद्यापीठ अनुदान आयोगाने सामुदायिक महाविद्यालयांची योजनाही राबविली. अशा योजनांचे यश प्रवेशसंख्येवरून मोजणे पुरेसे नाही. दोन वाटांच्या मध्ये गणिताचा पूरक अभ्यासक्रम असणे आणि आधीच्या अध्ययनाला श्रेयांकांचे मोल मिळणे, या दोन बाबींवर ते अवलंबून राहील. अमेरिकेचा शतकभराचा अनुभव असे दर्शवितो की, दोन्ही वाटा एका छताखाली आणल्याने त्या आपोआप एकमेकींना मिळत नाहीत. त्यांना जोडणारा पूल हेतुपूर्वक बांधावा लागतो.