लुगड्याचा आराखडा

इतिहास केवळ बखरींत व ताम्रपटांतच असतो असे नव्हे. आजीच्या पेटीतील लुगड्याच्या घडीतही तो असतो. जुन्या काळच्या स्त्रियांचा वेश संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न अलीकडे होत आहेत. आपल्या नऊवारीस ही साधने कितपत उपयोगी पडतील, याचा विचार ज्ञातिभगिनींनी अवश्य करावा.

युरोपीय पोशाख कापून शिवलेला असतो. जॅनेट अर्नोल्ड या विदुषीने जुने झगे मापून त्यांच्या कापणीचे नकाशे १९६४ साली प्रसिद्ध केले. असे नकाशे संगणकात भरले, की तुकडे पडद्यावर जोडले जातात. कापडाचे वजन, जाडी व ताठपणा सांगितला, म्हणजे कल्पित देहावर त्याच्या चुण्याही पडतात. नऊवारीस मात्र शिवणच नाही. नऊ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांबीचे सलग वस्त्र, एवढाच तिचा नकाशा! गाठ कोठे मारली, निऱ्या किती घेतल्या, कासोटा कसा खोचला, हा हातांचा क्रम हाच तिचा खरा आराखडा होय. आणि तो कोणी सांगितल्यावाचून यंत्रास कळत नाही.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) व रावबहादूर धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांवरून काठपदर व रंग यांची कल्पना येते. तथापि एक चित्र एकच बाजू दाखविते. उरलेली बाजू तर्काने, किंवा आजच्या तयार शिवलेल्या नऊवारीवरून भरली, तर पडद्यावर सुंदर पण खोटा इतिहास उभा राहील, आणि आपल्या नाती तोच खरा मानतील. शिवाय नेसण्याची रीत सर्वत्र एक नव्हती; कोळी भगिनींचे गुडघ्यापर्यंतचे नेसणे वेगळे, पायघोळ नेसणे वेगळे.

नित्य लुगडे नेसणाऱ्या वृद्धा आता घरोघरी थोड्याच उरल्या आहेत. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे: जुन्या लुगड्याची लांबी, पन्हा व काठाची रुंदी मापून लिहावी, चोळी न उसवता तिच्या तुकड्यांची मापे आतील बाजूने घ्यावीत, छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस सावकाश नेसावयास सांगून समोरून, मागून व बाजूने चित्रफीत घ्यावी, आणि प्रत्येक कृतीचे तिच्याच तोंडचे नाव टिपून ठेवावे.

यंत्र उद्याही मिळेल. तो हात उद्या असेलच असे नाही.