आंबट उताऱ्याचं कूळ

पिऊन आलेल्या माणसाला लिंबू पिळून पाजायचं, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. लिंबू नसेल तर आंबट ताक किंवा चिंचेचं पाणी, कोकणात कोकमाचं आगळ. चव ठरलेली, आंबट!

हे कूळ फार जुनं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २३व्या अध्यायात, मद्यविकारावर एक मंथ, म्हणजे पाण्यात घुसळून केलेलं पेय, सांगितला आहे. त्यात खजूर, मनुका, चिंच, डाळिंब, फालसा, आवळा आणि वृक्षाम्ल, म्हणजे बहुतेक वैद्यांच्या मते आपलं कोकम. खर्जूरादि मंथ या नावाने तो आजही दिला जातो. तिकडे रोममध्ये इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात थोरल्या केटोने शेतीवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं की, मेजवानीत भरपूर प्यायची असेल तर आधी व्हिनेगर लावलेला कच्चा कोबी खावा, जेवणानंतर पुन्हा काही पानं. तिथेही आंबटाशिवाय भागलं नाही.

दोन्ही उपायांत तथ्य आहे, पण वेगवेगळं. पोटात आधी अन्न असलं की दारू आतड्यात सावकाश उतरते आणि रक्तातलं प्रमाण एकदम चढत नाही. मंथातल्या पाण्याने आणि फळांच्या साखरेने तहानलेल्या, गळून गेलेल्या शरीराला आराम पडतो. मात्र आराम पडणं वेगळं आणि रक्तातली दारू घटणं वेगळं. घरगुती वापरात हा फरक पुसला गेला.

तो आकड्यांत मांडला स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी. त्यांचा ग्रंथ १९३२चा. रक्तातली बहुतेक दारू यकृतच मोडतं आणि थोड्याशा दारूतच त्याच्या विकरांची क्षमता भरून जाते. मग वेग जवळपास ठरून जातो: १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. माणसागणिक तो थोडा कमीजास्त असतो, पण लिंबू, ताक किंवा कॉफीने वाढत नाही. कॉफी फक्त झोप उडवते.

आपल्या कायद्यात वाहनचालकाची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ९०वर पोचलेल्याला तिथवर उतरायला चारेक तास लागतात, मग लिंबं कितीही पिळा.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात तर काहीच ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवा, १०८ला फोन करा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका.