थेंब कधी थांबतो?

गेला आठवडाभर एका बगच्या मागे होतो. दोन थ्रेड्सपैकी एक जेमतेम पाच मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळा बट्ट्याबोळ. शनिवारी वैतागून लॅपटॉप मिटला आणि एकदम मामाच्या विहिरीवरचं इंजिन आठवलं. तिथेही भांडण पाच मिलिसेकंदांचंच होतं!

इंजिन लिस्टर जातीचं. मूळ इंग्लंडमधल्या डर्स्लीचं डिझाईन, १९३० च्या आसपासचं. नंतर राजकोटला त्याच्या हुबेहूब नकला ढिगाने झाल्या. एक सिलिंडर, मिनिटाला ६५० फेरे. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ९२ मिलिसेकंद. पिस्टन वर पोचायच्या २० अंश आधी डिझेल आत जायला सुरुवात व्हायला हवी. करा हिशोब: पाच मिलिसेकंद. इतकं आधी का, तर डिझेल आत गेल्या गेल्या पेटत नाही. फवाऱ्याची वाफ होऊन, तापलेल्या हवेत मिसळून भडका व्हायला थोडा वेळ जातो. फार आधी सोडलं तर इंजिन हातोडे मारल्यासारखं ठोकतं. उशीर केला तर धूर आणि दम नाही.

खुद्द रुडॉल्फ डिझेलची तऱ्हा वेगळी होती. १८९७ साली आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेची इंजिनं जवळपासही नव्हती. पण इंधन आत ढकलायला दाबाखालची हवा लागायची, म्हणजे इंजिनाला जोडून एक कॉम्प्रेसर आलाच. असलं धूड कारखान्यात किंवा जहाजात ठीक. ट्रकमध्ये कोण बसवणार? आणि विहिरीवर?

ही अडचण सोडवली पंपाने. रॉबर्ट बॉशने १९२२ साली डिझेलच्या पंपाचं काम हाती घेतलं आणि १९२७ च्या अखेरीस तो कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. आत एक बोटभर दट्ट्या, त्याच्या अंगावर तिरकी खाच. दट्ट्या वर जाताना बाजूचं भोक झाकलं की फवारा सुरू; खाच भोकासमोर आली की बंद. दट्ट्या स्वतःभोवती फिरवला की इंधन कमी-जास्त होतं, पण सुरुवात तिथेच राहते. मला विचाराल तर डिझेल इंजिनापेक्षा ही खाच जास्त हुशार आहे. (हा पंप पुढे आपल्याकडे आणला बंगळूरच्या मायकोने, स्थापना १९५१. नाशिककरांना मायको सर्कल माहीत असेलच.)

साताऱ्याला कूपर, १९४६ पासून खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स... आपल्याकडच्या कितीतरी मळ्यांत ही जात पोचली. टायमिंग लावायचं ज्ञान मात्र मिस्त्रींच्या हातात राहिलं.

तर मामाचं इंजिन. मे महिना, ऊस उभा, आणि तालुक्याच्या एका कारागिराने पंप उघडून परत बसवला तेव्हापासून नुसता पांढरा धूर. पाणी पाटापर्यंत येईना. आठवडा असाच गेला असता तर ऊस गेला असता. शेवटी मामा शेजारच्या गावाहून आबा मिस्त्रींना घेऊन आला.

"आबा, बघा की जरा. पानं वळायला लागली."

"हलवू नका कुणी," एवढंच म्हणाले. पंपाच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढली, हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावली. टाकीतलं डिझेल त्यातून वाहू लागलं. मग फ्लायव्हील, चालायच्याच दिशेने, हळूहळू. धारेचे थेंब झाले. थेंब लांबले. शेवटचा थेंब थांबला तिथे हात थांबला. भोक झाकलं गेलं ते तिथे.

दोन फुटी फ्लायव्हीलच्या कडेवर २० अंश म्हणजे चार इंचांहून थोडं जास्त. आमची खूण दोन बोटं उशिरा होती. सात अंश म्हणा. आबांनी पंपाखालच्या टॅपेटचा बोल्ट किंचित वर घेतला, नट आवळला, पुन्हा थेंब बघितला. तीन वेळा.

हँडल मारल्यावर दोन-चार गचके, मग तो ओळखीचा संथ ठोका. धूर विरळ झाला. मामा पाटाकडे धावला आणि आबा नळी फडक्याने पुसत मला म्हणाले, "चहा सांग आत."